जिथपर्यंत हात पोचतो

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणूस आधी बसतो, पाणी पितो, मग इकडचं तिकडचं बोलतो. आमचे साहेब आधी भिंतीला हात लावत. चपला काढता काढताच डावा हात दाराच्या चौकटीवर आणि उजवा भिंतीवर. एकदा ऑफिसातल्या टायपिस्टचे वडील वारले म्हणून आम्ही सगळे भेटायला गेलो. सगळे खाली मान घालून बसलेले, आणि हे उभ्यानं बोटांच्या पाठीनं हॉलची भिंत चाचपत होते. मग बसले आणि टायपिस्टच्या भावाला हळूच म्हणाले, "या भिंतीत ओल आहे. आईंची खाट इथनं हलवा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाट मात्र दुसऱ्या दिवशी हलवली गेली.

ऑफिसात त्यांना मागे 'चाचपणे' म्हणत. खरं आडनाव वेगळं होतं, पण मीसुद्धा पहिले दोन महिने तेच खरं समजत होते, आणि एकदा तोंडावर "चाचपणेसाहेब, फोन" असं म्हणूनही बसले. ते शांतपणे उठले, फोन घेतला, आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. त्यामुळे मला आणखी धास्ती बसली. ओरडणारी माणसं मला परवडतात. गप्प बसणाऱ्यांच्या मनात काय चाललंय ते कळत नाही.

धास्ती हा माझा जन्मजात गुण. घराला कुलूप लावलं की मी तीनदा ओढून बघते. ते दिवस नव्वद सालानंतरचे. पनवेलहून मी रोज बेलापूरच्या त्या ऑफिसात येत असे. डिप्लोमा नुकताच झालेला. आमचं काम इमारतींच्या दुरुस्तीचं. नवी मुंबई तेव्हा नवी म्हणायची, पण दहा-बारा वर्षांतच खाडीच्या खाऱ्या हवेनं कित्येक इमारती सोलवटायला लागल्या होत्या. सोसायट्या रंगकाम काढायच्या आधी आम्हाला बोलवत. आम्ही बाहेरच्या प्रत्येक भिंतीचा तक्ता करून देत असू: या भिंतीवर कसलं काम आहे, वीट की दगड की गिलावा, आणि ते धड आहे की सुटलंय. त्यावरून दुरुस्ती ठरे. खरी वीट असली तर नुसत्या दर्जा भरायच्या, म्हणजे विटांमधल्या फटी. चिकटवलेलं काही असलं तर ते ठोकून बघायचं आणि सैल तेवढं उतरवायचं. मालक आर्किटेक्ट होते, ते क्वचित साइटवर येत. तक्ता करायचे ते साहेबच.

मुलगी साइटवर नको, असं मालकांचं म्हणणं होतं. मुलाखतीत त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. साहेब कोपऱ्यात बसून मुठीतलं काहीतरी कुरवाळत होते. ते उठले आणि माझ्या हातावर दोन दगडाचे तुकडे ठेवले. "कोणता टाकीनं घडवलाय आणि कोणता नुसता फोडलाय?" मी बघायला लागले, तर म्हणाले, "बघू नका. हात लावा की." एका तुकड्यावर सारख्या अंतरावर बारीक खाचा लागत होत्या. मी घाबरत घाबरत तो पुढं केला. ते मालकांना म्हणाले, "ह्या राहू द्यात." साताऱ्याकडचे होते ते. सगळ्यांना अहो-जाहो करत, साइटवरच्या बिगाऱ्यालाही.

डोळ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "डोळ्याला कुणीपण बनवतं," म्हणायचे. "रंगवाला बनवतो, बिल्डर बनवतो, ऊन बनवतं. हाताला बनवायला लई कष्ट पडतात." वाशीच्या एका हॉलमध्ये मालकांच्या पुतण्याचं लग्न होतं. तिथल्या संगमरवरी खांबाला त्यांनी नखानं खरवडलं आणि पांढरी भुकटी मुलीच्या बापाला दाखवली. "गिलावा आहे. भाडं कमी करून घ्या." मुलीचा बाप अंतरपाट धरायच्या गडबडीत होता. मालकांनी नंतर आठवडाभर साहेबांशी बोलणं टाकलं. साहेबांना ते कळलंच नाही असं मला वाटतं.

मला त्यांनी शिकवलं ते डोळे बांधून. खरोखर बांधून. ओढणी दोन घड्या करून डोळ्यांवर घ्यायची, भिंतीला उजवा हात लावायचा आणि चालत सुटायचं. बेलापूरच्या ऑफिसांच्या रांगेत, भर दुपारी, लोक जेवून पानं खात उभे असताना. साहेब मागून चालत आणि विचारत, "काय लागतंय?"

"दाणेदार. बारीक. वाळूचा गिलावा."

"पुढं?"

"खडबडीत... फणसाच्या सालीसारखं. फेकून मारलेला गिलावा."

"पुढं?"

"गुळगुळीत बारीक खडे. धुतलेली खडी."

"धुतलेली कशावरून?"

"खड्यांच्या मध्ये सिमेंट खोल गेलंय. वरचं धुऊन काढलंय."

"हं. पुढं."

एकदा पुढं लागला तो बँकेच्या रखवालदाराचा खांदा. तो दचकला आणि म्हणाला, "ओ मॅडम, काय शूटिंग चाललीय काय?" मी ओढणी सोडली, तर अर्धा रस्ता हसत होता. साहेब त्याला गंभीरपणे म्हणाले, "नाही. अभ्यास." त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं की उद्यापासून नोकरी बंद. आई मिठागराच्या गावातली, तिला माझं रोजचं माहीत. "बरा," म्हणाली, "जेवून घे, मंग बंद कर." दुसऱ्या दिवशी मी गेलेच.

हाताचा तळवा पोत ओळखायला, बोटांची पाठ थंडावा आणि ओल ओळखायला, नख कठीणपणा ओळखायला. आणि आवाजासाठी एक जुना जाड रुपया, तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम. त्यानं ठोकलं की घट्ट बसलेली वीट टणक बोलते आणि मागून सुटलेली बद्द बोलते. हे सगळं मी शिकले. पण त्यांचा मुख्य नियम वेगळाच होता, आणि तो ते रोज एकदा तरी म्हणत: "जिथपर्यंत हात पोचतो तिथपर्यंतच लिहायचं. वरचं लिहायचं असेल तर वर जायचं." त्यासाठी आमच्याबरोबर एक गवंडी आणि शिडी असे. गवंडी वर चढून ठोकी, साहेब खालून ऐकत आणि मला लिहायला सांगत.

मे महिन्यात आम्ही नेरूळला एका सोसायटीचा तक्ता करायला गेलो. त्या दिवशी गवंडी आलाच नाही. त्याच्या घरी हळद होती. तीन इमारती झाल्या. शेवटी राहिली तळमजल्यावरच्या बालवाडीची पुढची भिंत. लालभडक विटांची, सुरेख. तिच्यात मधोमध दार, दारावर फूटभर पुढं आलेला छज्जा आणि त्याच्या वर पार पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत तीच लाल वीट. सुट्टी असल्यामुळे दाराला कुलूप होतं. दारासमोरच्या फरशीवर मुलांनी खडूनं आखलेले लंगडीचे चौकोन अजून होते.

साहेबांनी खालची भिंत चाचपली. नाणं वाजवलं. टणक. "खरी वीट," म्हणाले. मग शिडी लावली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसऱ्या पायरीवर ठेवला आणि थांबले. मी खाली वही धरून उभी. त्यांच्या मानेवर घाम फुटलेला मला दिसला, आणि शिडी धरलेली बोटं पांढरी पडलेली दिसली. मग ते खाली उतरले, माझ्याकडे न बघता हात झटकले आणि म्हणाले, "वर तेच आहे. लिहा."

मी लिहिलं. 'बालवाडीची दर्शनी भिंत, संपूर्ण खरी वीट. धोका नाही.' तपासणारा म्हणून त्यांची सही, नोंद करणारी म्हणून माझी.

आता खरं सांगायचं तर मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. भिंतीचा कोपरा. खरी वीट कोपऱ्यावर वळते, म्हणून कोपऱ्यावर एक लांब तोंड, एक आखूड तोंड, असं वरपर्यंत आलटून पालटून दिसतं. खाली तसंच होतं. छज्ज्याच्या वर मात्र कोपऱ्यावर नुसती एक उभी रेघ होती, दोन पुठ्ठे टोकाला टोक लावून चिकटवावेत तशी. पण ते मला डोळ्यांनी दिसलं होतं, आणि डोळ्यांचं आमच्याकडे कोण ऐकतो? शिवाय मला कामावर ठेवून घेतलेल्या माणसाला, ज्याचा हात कधी चुकला नाही त्याला, मी काय सांगणार? मी वही मिटली.

चार दिवसांनी खिडक्यांची मापं घ्यायला मला एकटीला तिथे पाठवलं. बालवाडीच्या दारात, लंगडीच्या चौकोनात, एक लाल तुकडा पडला होता. मी उचलला. बोटभरही जाड नव्हता. पुढून वीट, मागून सपाट, आणि त्या सपाट बाजूला सिमेंटवर कंगवा फिरवल्यासारख्या रेघा. विटेची चकती. वरची काँक्रीटची तुळई लपवायला कुणीतरी चकत्या चिकटवून खालच्या विटेशी जुळवून घेतलं होतं. मी वर बघितलं. छज्ज्याच्या वर एक जागा रिकामी होती, आणि आजूबाजूच्या चकत्या जागेवर होत्या. किती घट्ट होत्या, ते खालून कळत नव्हतं.

तो तुकडा मी पर्समध्ये टाकला. बालवाडी उघडायला तेरा दिवस होते.

त्या दिवसांत मी काय काय केलं ते आठवून आजही मला माझी लाज वाटते. रोज सकाळी ठरवायचं, आज सांगायचं. एकदा तुकडा साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि जिन्यात त्यांची पावलं वाजताच झडप घालून परत पर्समध्ये टाकला. चहाच्या वेळी "साहेब, ते नेरूळचं..." म्हटलं. त्यांनी वर बघितलं, आणि मी म्हणाले, "ते बिल अजून आलं नाही." मालकांना परस्पर सांगावं, तर साहेबांची नोकरी जाईल. न सांगावं, तर दारात उभ्या राहणाऱ्या बाया आणि त्यांचं बोट धरलेली ती एवढी एवढी पोरं डोळ्यांसमोर येत. ताट अर्धं तसंच राही. आई म्हणाली, "पोट बिघरलंय का मन बिघरलंय, येक काय तरी सांग." मी ताट उचलून मोरीत ठेवलं. मधल्या रविवारी तर बहिणीकडे जाते म्हणून निघाले आणि नेरूळला जाऊन त्या भिंतीसमोर तासभर उभी राहिले. जशी काही मी बघत असताना ती पडणार नव्हती.

शुक्रवार उजाडला. सोमवारी शाळा. ऑफिसखालच्या टपरीवर साहेब चहाचा ग्लास घेऊन उभे होते. मी समोर जाऊन उभी राहिले. पर्समधून तुकडा काढला आणि त्यांच्या मोकळ्या हातावर ठेवला.

त्यांनी डोळे मिटले. बोटं तुकड्यावरून फिरली. पुढून, कडेनं, मागून.

"चकती," म्हणाले. "मागं सिमेंट. सिमेंट चकतीबरोबर सुटून आलंय, म्हणजे धरलंच नव्हतं." मग डोळे न उघडताच, "कुठली?"

"नेरूळ. बालवाडी. दाराच्या वर."

टपरीवाल्यानं ग्लास मागितला तेव्हा त्यांनी अर्धा चहा तसाच दिला.

"कधी मिळाली?"

"गेल्या आठवड्यात. मंगळवारी."

"म्हणजे दहा दिवस."

"मला भीती वाटली," मी म्हणाले, आणि रडायला लागले.

"माझी?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मी शिडी चढलो नाही ते तुम्ही बघितलं होतं ना?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला तीन वर्षं उंचावर चक्कर येते. कुणाला सांगितलं नाही. गवंडी चढत होता, निभत होतं. त्या दिवशी तुम्हाला चढा म्हणायला मला लाज वाटली, आणि चढत नाही हे कबूल करायलाही लाज वाटली. ही माझी चूक. पण मी खाली उतरलो तेव्हा तुम्ही 'साहेब, हात पोचला नाही' एवढं म्हणायला पाहिजे होतं. त्यासाठीच शिकवलं होतं तुम्हाला."

मग तुकडा खिशात टाकून ते रिक्षा बघायला लागले.

सोसायटीचे सेक्रेटरी दुपारी झोपेतून उठून आले. "काका, कशाला टेन्शन घेता? तुमीच लिहून दिलंय ना, धोका नाय म्हणून? सोमवारी शाळा आहे, आता कुठे तोडफोड काढता?"

"चुकीचं लिहून दिलंय," साहेब म्हणाले. "शिडी द्या."

शिडी लागली. साहेब माझ्याकडे बघायला लागले आणि मी त्यांच्याकडे. मी ओढणी कमरेला बांधली. वॉचमन जवळच्या गावातला म्हातारा होता, तो म्हणाला, "बाय, संबालून गो." साहेबांनी दोन्ही हातांनी शिडी धरली. मी चढले.

"हात लावा," खालून आवाज आला. "काय लागतंय?"

"गरम लागतंय."

"उन्हानं तापलंय. खालची वीट एवढी तापलेली नाही. पातळ आहे म्हणून तापली. कड लागते का?"

"लागते. चकती पडली तिथं धार आहे."

"वाजवा."

वर चढायच्या आधी त्यांनी मला रुपया दिला होता. पहिल्या चकतीवर वाजवला. बद्द. दुसरीवर, बद्द. तिसरी वाजली नाही, ती हलली. मी हात काढून घेतला, पण तोवर ती निघाली होती, आणि तिच्याबरोबर शेजारच्या दोन. "साहेब, बाजूला!" मी किंचाळले.

ते बाजूला झाले नाहीत. बाजूला झाले असते तर शिडी सुटली असती. दोन चकत्या फरशीवर फुटल्या आणि एक त्यांच्या उजव्या हातावर पडली. मी खाली उतरले तेव्हा त्यांच्या बोटांमधून रक्त शिडीवरून ओघळत होतं आणि ते सेक्रेटरींना सांगत होते, "दोन दिवसांत सगळ्या उतरवा. मी माणसं देतो." सेक्रेटरी फरशीकडे बघत होते. लंगडीच्या चौकोनात लाल चुरा पसरला होता.

टाके घालून आल्यावर त्यांनी डाव्या हातानं नवा तक्ता लिहायला घेतला, पण अक्षर जमेना. मग तो मी लिहिला. शेवटची ओळ मात्र त्यांनी स्वतः लिहिली, वेड्यावाकड्या अक्षरात: 'आधीचा तक्ता चुकीचा आहे. तपासणाऱ्याचा हात वर पोचला नव्हता.' मालक म्हणाले, "असं कोणी लिहून देतं का? दोन ओळींत ऑफिस बुडवाल तुम्ही." साहेबांनी ओळ खोडली नाही. शनिवारी मालकांनी त्यांना काही दिवस घरीच थांबायला सांगितलं, आणि ते काही दिवस पुढे कायमचे झाले. पावसाळा संपता संपता ते गावी गेले. उजव्या हाताच्या दोन बोटांना नंतर फारसं कळत नसे, असं त्यांच्या पत्रात होतं. ते त्यांनी सहज लिहिलं होतं. मी ते सहज वाचू शकले नाही.

पुढे माझं लग्न झालं, खारघरला आम्ही घर घेतलं. घर बघायला गेलो तेव्हा एजंट खिडकीतून डोंगर दाखवत होता आणि मी भिंतीला हात लावून उभी होते. नवरा अजून चिडवतो. रस्त्यानं जाताना कुठलीही सुरेख लाल भिंत दिसली की मी आधी तिचा कोपरा बघते, आणि कोपऱ्यावर नुसती रेघ दिसली की पलीकडच्या फुटपाथवर जाते. मुलांनाही ओढून नेते.

पण साहेब म्हटलं की मला तो सोमवार आठवतो. मी लवकरच नेरूळला गेले होते. चकत्या सगळ्या उतरवल्या होत्या, खालचं काँक्रीट आणि जुन्या सिमेंटचे रेघाळलेले पट्टे उघडे पडले होते. भिंत भयाण दिसत होती. फाटकाशी बाया पोरांना घेऊन उभ्या होत्या आणि कुरकुरत होत्या. "एवढी छान होती, वाट लावली नुसती." फाटकाच्या आत, ते अडवून, साहेब उभे होते. उजव्या हाताला पांढरं बँडेज. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. वॉचमन त्यांना काही विचारत नव्हता.

मला बघून ते म्हणाले, "हात लावा."

मी दाराजवळच्या भिंतीला हात लावला.

"काय लागतंय?"

"वीट. खरी. कोरडी."

"वर?"

"काँक्रीट. खरखरीत. चिकटवलेलं काही राहिलेलं नाही."

"कशावरून?"

"काल संध्याकाळी मी चढले होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवलाय."

त्यांनी एकदा वर बघितलं. मग फाटकातून बाजूला झाले, आणि पहिली बाई आपल्या मुलीचं बोट धरून आत गेली.